दोनच दिवस तर असतात

शनिवार-रविवार सासरी राहून परतणाऱ्या जोडप्याच्या गाडीत जे भांडण होतं, त्याला आपल्याकडे नाव नाही. रविवारी संध्याकाळी सातारा-पुणे रस्त्यावर अशी कितीतरी भांडणं काचा बंद करून पुण्याकडे येत असतात. तो विचारतो, "गप्प का?" ती म्हणते, "काही नाही." खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत एवढंच. शिरवळच्या आसपास तो पुन्हा विचारतो, "आई काही बोलली का?" आणि इथंच विषयाला भलताच फाटा फुटतो. तिच्या थकव्याचं सासू-सुनेचं प्रकरण होऊन बसतं.

मैत्रिणींनो, माझं सासर कोरेगाव तालुक्यातलं. आम्ही दोघं नोकरीला पुण्यात. महिन्यातून एकदा तरी जातोच. माझ्या सासूबाई कजाग नाहीत, चांगल्या मायाळू आहेत. तरीही परतताना माझी कंबर धरलेली असते आणि नवऱ्याची झोप पुरी झालेली असते. कारण साधं आहे. तो घरी जातो, मी कामावर जाते. उंबरा ओलांडला की तो बाहेरच्या खोलीत पाय पसरतो. भावकीतली माणसं त्याला भेटायला येतात आणि प्रत्येकामागे आत चहाचं आधण चढतं. शनिवारी रात्री चौदा माणसं जेवून उठली, की गार भाकरीवर आम्हा बायकांची पंगत. निघताना डिकीत घेवडा, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ भरून मिळतं. घरी पोचल्यावर ते डब्यांत कोण भरतं, हे सांगायला नकोच.

"दोनच दिवस तर असतात," असं म्हणतात. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. नोकरी करणाऱ्या बाईच्या हातात सुट्ट्या असतात तरी किती? बरं, माहेरी गेल्यावर फिटंफाट होते म्हणावं, तर तिथे तो जावई! दोन्ही घरी पाहुणा एकच.

हे माझ्या घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. ही ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. न लावणारे या हिशेबात धरलेलेच नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल मान्य करायला हवं, असं सांगितलं. प्रकरण होतं दिल्लीत मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेलेल्या नवरा-बायकोचं. म्हणजे मोल मोजलं गेलं ते नुकसानभरपाई ठरवताना, ती बाई गेल्यावर. शेजारच्या सीटवर जिवंत बसलेलीनं तेच मागितलं, तर तिनं तोंड फुगवलेलं असतं.

गाडीत ऐकू येणारं आणखी एक वाक्य आहे: "मला सांगायचंस ना, मी मदत केली असती." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. गाडीत कबूल करायला काही पडत नाही, ऐकायला तिसरं कुणी नसतं. बोलायचं असेल तर शनिवारी सकाळी, वडिलांच्या देखत, स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं. शिवाय 'मदत' कसली? घर तर त्याचंच आहे!

आमच्याकडे हे बोलणं झालं, बरेच महिने झालं, आणि परवाच्या खेपेला नवरा भांडी घासायला बसला. सासरे पेपराआड गेले. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "ऊठ बाबा, लोक काय म्हणतील?" तो उठला नाही, तेव्हा त्या पाटावर टेकल्या आणि टेकूनच राहिल्या. भर दुपारी त्यांना स्वयंपाकघरात नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला कुरकुरायला निदान तीन तासांचा रस्ता तरी मिळतो. आम्ही गेल्यावर चादरी धुणाऱ्या, डबे जागच्या जागी लावणाऱ्या त्यांना तोही नाही.

त्या दिवशी निघायच्या वेळी त्यांनी लेकालाच हाक मारली, "जाण्याआधी तेवढ्या गाद्या माळ्यावर टाकतोस का रे?" त्यानं टाकल्या, चादरीही भिजत घातल्या. निघायला उशीर झाला आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत अर्धा तास गेला.