न्यायपीठाविना मैदान

जुलै 2020 चा पहिला आठवडा. अमेरिकेत कोरोनाची साथ भरात होती. लास व्हेगासमध्ये दरवर्षी भरणारी 'इव्हो' ही लढतीच्या व्हिडिओ गेमची जगातील सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाणारी स्पर्धा त्या वर्षी ऑनलाइन व्हायची होती. प्रारंभ अगदी तोंडावर आला असतानाच स्पर्धेच्या एका सहसंस्थापकावर जुन्या काळातील लैंगिक गैरवर्तनाचे आरोप जाहीरपणे झाले. आयोजकांनी प्रथम त्याला रजेवर पाठविले. पण तेवढ्याने भागले नाही. 'स्ट्रीट फायटर'ची निर्माती कॅपकॉम, 'टेकन'ची बांदाई नामको आणि 'मॉर्टल कॉम्बॅट'ची नेदररेल्म या कंपन्यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. अखेर त्या सहसंस्थापकाचा इव्होशी असलेला संबंध कायमचा तोडण्यात आला आणि त्या वर्षीची स्पर्धाच रद्द झाली. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातील एका छोट्या मेळाव्यातून वाढत गेलेला वृक्ष दोन दिवसांत मुळासकट हलला.

हा एकटा अपघात नव्हता. त्याच जून-जुलैमध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या निन्तेन्दोच्या खेळाभोवती जमलेल्या समुदायात एकामागून एक तक्रारी पुढे आल्या. त्यांतील अनेक तक्रारदार घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. 'डोटा 2' या खेळाच्या विश्वातील नामांकित समालोचकांनाही आपली जागा सोडावी लागली. निन्तेन्दोने तीव्र चिंता व्यक्त करून अशा वर्तनाचा निषेध केला. संघांनी खेळाडूंशी असलेले करार मोडले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की हा समाज किती जागरूक आहे! परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. जे एका रात्रीत सर्वांच्या ओठांवर आले, ते इतकी वर्षे कोणाच्याच कानावर गेले नव्हते काय?

गेले होते, असेच म्हणावे लागेल. फेब्रुवारी 2012 मध्ये कॅपकॉमने आपल्या नव्या खेळाच्या प्रचारासाठी एक स्पर्धात्मक कार्यक्रम प्रसारित केला. त्यात एका संघाचा मार्गदर्शक आपल्याच संघातील तरुणीला उद्देशून कॅमेऱ्यासमोर अश्लाघ्य शेरेबाजी करीत राहिला. त्याला हटकले गेले, तेव्हा लैंगिक छेडछाड हा या खेळाच्या संस्कृतीचाच भाग आहे, अशा आशयाचे समर्थन त्याने केले. पुढे त्याने दिलगिरी व्यक्त केली. पण ती मुलगी मात्र स्पर्धेतून बाहेर पडली. ज्याने मर्यादा ओलांडली तो टिकला आणि जिने ती सोसली तिने मैदान सोडले. आठ वर्षांनंतर जे उघड झाले, त्याचे बीज या एका प्रसंगात स्पष्ट दिसते.

या विश्वाची घडणही अशी, की तेथे दुबळ्याला आधार मिळणे कठीण. स्मॅशसारखा खेळ हौशी लोकांनी पदरमोड करून वाढविला. बक्षिसाची रक्कम तुटपुंजी, प्रवास स्वतःच्या खर्चाने. म्हणून हॉटेलची एक खोली अनेकांनी वाटून घ्यायची, ही तेथील रीतच. त्या खोलीत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असतो आणि पंचविशीतला नामवंत विजेताही असतो. मुलाच्या दृष्टीने तो विजेता म्हणजे दैवत. सोबत पालक नाहीत, शिक्षक नाहीत, संघाचा व्यवस्थापक नाही. स्पर्धेचा आयोजक बहुधा त्या विजेत्याचाच मित्र. अशा ठिकाणी काही अघटित घडले, तर त्या मुलाने कोणाचे दार ठोठवावे?

येथे पारंपरिक क्रीडाक्षेत्राशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचे दुष्कृत्य 2016 मध्ये वृत्तपत्रामुळे जगासमोर आले. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली व स्त्रियांनी आपली व्यथा मांडली आणि त्याला 40 ते 175 वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तेथेही संस्था होत्या आणि त्यांनी अक्षम्य हलगर्जीपणा केला, हे खरेच. परंतु संस्था होत्या म्हणूनच त्यांना जाब विचारता आला. 2017 मध्ये 'सेफस्पोर्ट' हे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्याला कायद्याचे बळ मिळाले. ऑलिंपिक परिवारातील कोणत्याही खेळातील तक्रार तेथे नेता येते.

ई-स्पोर्ट्समध्ये मात्र असा मायबापच नाही. क्रिकेट कोणाच्या मालकीचे नाही. 'स्मॅश' मात्र निन्तेन्दोच्या मालकीचा आहे. खेळ कंपनीचा, स्पर्धा आयोजकाची, संघ गुंतवणूकदाराचा आणि प्रेक्षक इंटरनेटचा, अशी ही चौफुली. जबाबदारीचा प्रश्न आला, की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे वळते. कंपनीच्या नोकरवर्गाची गोष्ट निराळी. 'लीग ऑफ लेजंड्स'ची निर्माती रायट गेम्स हिच्यावर महिला कर्मचाऱ्यांनी लिंगभेदाचा दावा लावला, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये कंपनीला 10 कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. तेथे कामगार कायदा होता, न्यायालय होते. स्वतःच्या पैशाने स्पर्धेला आलेला सोळा वर्षांचा खेळाडू मात्र कोणाचाच नोकर नसतो.

जेथे न्यायपीठ नसते, तेथे जमाव न्यायपीठावर बसतो. 2020 मध्ये नेमके हेच झाले. पीडिताला आपली कहाणी अख्ख्या जगासमोर मांडावी लागली. कारण ती ऐकून घेणारा बंद दरवाजाआडचा कान उपलब्धच नव्हता. आणि आरोपिताचा निकाल काही तासांत लागला. कारण थांबा, चौकशी करू, असे अधिकाराने सांगणारे कोणी नव्हते. एका अग्रगण्य स्मॅश खेळाडूला त्याच्या संघाने जुलैमध्ये काढून टाकले. ऑक्टोबरमध्ये त्याने, त्या प्रकरणात आपणच पीडित होतो, असे निवेदन केले. समुदाय दुभंगला. ज्याला कालपर्यंत शिव्या मिळत होत्या त्याला सहानुभूती, आणि ज्याला सहानुभूती होती त्याला शिव्या! यात सत्य काय, हे पारखण्याची यंत्रणाच नसल्याने जो तो आपल्या आवडीच्या खेळाडूच्या बाजूने उभा राहिला. जमावाचे मौन जसे अन्यायाचे, तसाच त्याचा कोलाहलही अन्यायाचा. दोन्हींत पुराव्याला किंमत नसते.

मग पोलीस कशासाठी आहेत, असा प्रश्न कोणी विचारील. पोलीस आणि न्यायालय यांना पर्याय नाहीच. परंतु एखाद्याला तुरुंगात पाठवावे काय, हा एक प्रश्न. आणि त्याला पुढच्या शनिवारी लहान मुलांच्या स्पर्धेत प्रवेश द्यावा काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळण्यास वर्षे लागतात. दुसऱ्याचे उत्तर आयोजकाला त्याच आठवड्यात द्यावे लागते. ते उत्तर मैत्रीवर किंवा गर्दीच्या ओरडीवर न बेतता नियमावर बेतलेले असावे, एवढेच मागणे आहे. मे 2021 मध्ये रायटने एका विख्यात खेळाडूला सहा महिने स्पर्धाबंदी केली. त्याच्यावर पूर्वीच्या मैत्रिणीने आरोप केले होते. पण बंदीचे कारण होते, चौकशीला पूर्ण सहकार्य न केल्याचे. गुन्ह्याचा निवाडा कंपनीने आपल्या हाती घेतला नाही, आणि चौकशीची टिंगलही होऊ दिली नाही. ही शिक्षा पुरेशी होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण नियमाने चालण्याचा तो एक प्रयत्न होता.

हा सारा विचार भारतीय वाचकाने दूरदेशीची वार्ता म्हणून सोडून द्यावा, अशी स्थिती उरलेली नाही. ज्या इव्होची ही कथा, तिची मालकी 2021 मध्ये सोनी आणि तिच्या भागीदार कंपनीकडे गेली. आणि 2025 मध्ये सोनीचा वाटा विकत घेतला तो भारतातील नॉडविन गेमिंगने, म्हणजे जिच्यात मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजची मोठी गुंतवणूक आहे त्या कंपनीने. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला मात्र वैध क्रीडाप्रकाराचे स्थान दिले. स्थान मिळाले, की उत्तरदायित्वही येते.

समाधानाची गोष्ट ही, की आवश्यक ती शस्त्रे भारतीय कायद्याच्या भात्यात आधीच आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचाही स्पष्ट समावेश केला आहे. स्त्रीच्या अध्यक्षतेखालील समिती, तिच्यात बाहेरचा एक सदस्य, 90 दिवसांत चौकशी आणि दोन्ही बाजूंना ऐकून घेणे, ही त्याची चौकट. हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. परंतु तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हा विवेकही त्या कायद्याने राखला आहे. बालकांसाठी 2012 चा 'पॉक्सो' कायदा आहे. तो मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. शिवाय गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणारा त्यात स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. 'आम्हाला ठाऊक होते, पण आमचा काय संबंध' ही पळवाट भारतातील आयोजकाला उपलब्ध नाही.

उणीव आहे ती या तरतुदी स्पर्धेच्या मांडवापर्यंत पोहोचण्याची. तक्रार कोणाकडे करायची, हे प्रवेशपत्रिकेवर छापलेले असावे. अल्पवयीन खेळाडूंची निवासव्यवस्था प्रौढांपासून स्वतंत्र असावी. तक्रार ऐकणारी व्यक्ती आयोजकाच्या मित्रमंडळातील नसावी. यात अवघड काय आहे? आणि घराघरांतील पालकांनीही एक सवय लावून घ्यावी. मुलगा किंवा मुलगी परगावी कबड्डीच्या सामन्याला निघाली, की सोबत कोण, मुक्काम कोठे, परतणार केव्हा, याची विचारपूस आई-वडील करतातच. ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धेला निघालेल्या मुलाला मात्र 'तो कॉम्प्युटरचाच तर खेळ' म्हणून मोकळे सोडले जाते. खेळ पडद्यावरचा असला, तरी खेळणारी माणसे हाडामांसाची असतात. त्यांच्यातील सज्जन आणि दुर्जनही तितकेच खरे असतात.

2012 मधील ती तरुणी मैदान सोडून गेली, तेव्हा स्पर्धा चालूच राहिली. 2020 मध्ये स्पर्धाच थांबवावी लागली. वेळीच एका तक्रारीची दखल न घेतल्याचे मूल्य असे व्याजासह चुकवावे लागते. भारतातील ई-स्पोर्ट्सचा डाव अजून मांडला जात आहे. पहिली सोंगटी हलण्यापूर्वीच नियम ठरविण्याची संधी अमेरिकेने गमावली. भारताने ती गमावू नये.