धर्मशाळेत ठेवलेल्या किल्ल्या

"तात्पुरत्या फायली ना? टाक टेम्पमध्ये!" हे ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. अरे, अर्धवट डाउनलोड वेगळं आणि चालू प्रोग्रॅमची पीआयडी फाइल वेगळी! लिनक्सचं टेम्प म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं, आपल्याआधी आपल्याच नावाची फाइल करून ठेवावी. शिवाय बऱ्याच लिनक्सवर सिस्टिमडी १० दिवस हात न लागलेल्या फायली झाडून टाकतं. आमची पीआयडी फाइल तशीच गेली. अकराव्या दिवशी प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू झाली आणि दोघींनी मिळून डेटाबेसची वाट लावली. शनिवार-रविवार माझा गेला, कोड लिहिणाऱ्याचा नाही!

बरं, सोय नाही असंही नाही. एक्सडीजी रनटाइम डिरेक्टरी फक्त त्या युजरची, परवानगी ०७००, पूर्ण लॉगआउट झालं की साफ. (त्यानंतरही चालायचं असेल तर सिस्टिम सर्व्हिस करा आणि 'रन'मध्ये जागा मागा.) मॅकवर टीएमपीडीआयआर बघा, विंडोजवर लोकल अ‍ॅपडेटा. "म्हणजे तीन पाथ सांभाळायचे?" हो, सांभाळायचे! परक्या घरात चपला कुठे काढू हे विचारतोच ना आपण? आणि सॉकेट ठेवणार असाल तर पाथ आखूडच ठेवा, मॅकवर जेमतेम १०४ बाइट मिळतात.