उतारा कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, गोष्ट २०२३ सालची. गणपती पोचवून दोनच दिवस झाले होते. मांडव निघाला होता, मखर माळ्यावर गेले होते आणि आम्ही दोघी जावा नवरात्राच्या मालाची यादी करत बसलो होतो. एवढ्यात पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "काकू, दुकान बंद केलंत का? तुमच्या वेबसाईटचं नाव टाकलं तर भलतंच काहीतरी उघडतंय. जाहिरातीच जाहिराती!"

मी म्हटले, छे, असे कसे होईल? पुतण्याने मोबाईलवर नाव टाकून बघितले. खरेच, आमच्या इरकली आणि खणांच्या जागी कुठल्याशा परक्या जाहिराती लागल्या होत्या. वर मात्र नाव आमचेच. आमचेच म्हणजे आमच्या सासूबाईंचे.

या नावाची थोडी कथा सांगायला हवी. सासूबाई खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या लेक. लग्न होऊन शहापुरात आल्या. मामंजींचा पगार बेताचा. म्हणून त्यांनी एका ट्रंकेत खण ठेवून घरूनच विकायला सुरुवात केली. पुढे माझी मोठी जाऊ, म्हणजे आमच्या अक्का, या घरात आल्या. त्यांचे माहेर बागलकोट जिल्ह्यातले. तिकडून इरकली आणि गुळेदगुड्डचे खण येऊ लागले आणि ट्रंकेचे दुकान झाले. दुकानाला नाव मिळाले सासूबाईंचे, आणि २०१९ मध्ये वेबसाईट काढली तीही त्याच नावाने.

वेबसाईट करून दिली होती ओळखीतल्या एका मुलाने. तेव्हा तो कॉलेजात होता. पाच हजार रुपयांत सगळे करतो म्हणाला. आम्हाला काय कळतेय त्यातले? चहा-पोहे दिले, पैसे दिले, झाले. तीन वर्षे तो आठवणीने फोन करायचा, नूतनीकरणाचे पैसे मागायचा, आम्ही द्यायचो. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. त्याचा फोन आला नाही आणि आमच्याही लक्षात राहिले नाही.

पुतण्याने त्याला शोधून काढले. बिचारा ओशाळला. नावाची नोंदणी त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कॉलेजच्या ई-मेलवर केली होती. मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना त्या ई-मेलवर जात राहिल्या आणि ते तर त्याने केव्हाच सोडले होते. मनात पाप काही नव्हते. पण जुलैच्या सुरुवातीला मुदत संपली ती संपलीच.

खरे म्हणजे अशी नावे एका रात्रीत जात नाहीत. डॉट-कॉमच्या नावाची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी आधी काही दिवस सवलत देते, जास्तीत जास्त पंचेचाळीस. त्यानंतर तीस दिवस दंड भरून नाव सोडवता येते. शेवटी पाच दिवसांनी ते मोकळे होते आणि जो आधी पैसे भरेल त्याचे होते. म्हणजे अडीच महिने आमच्या हातात होते! पण सांगणार कोण? आणि दुसऱ्याला कशाला बोल लावू, त्या अडीच महिन्यांत घरातल्या एकानेही आपली वेबसाईट एकदासुद्धा उघडून बघितली नव्हती. दुकानाची फळी आपण रोज उघडतो, ही फळी मात्र वाऱ्यावर सोडली होती.

संध्याकाळी भीत भीत सासूबाईंना सांगितले. त्यांना वेबसाईट म्हणजे काय हे नेमके ठाऊक नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "उतारा कुणाच्या नावावर होता गं?"

मी म्हटले, "त्या मुलाच्या, आई."

"मग? घर बांधायला गवंडी बोलावलासा आणि जागेचा उतारा गवंड्याच्या नावावर करून दिलासा. आता रडून काय उपेग?"

मैत्रिणींनो, अनेक तज्ज्ञ मंडळींनी मला नंतर जे समजावले, ते सारे या एका वाक्यात आले होते. वेबसाईटच्या तीन गोष्टी असतात. नाव, म्हणजे डोमेन, हा तुमचा उतारा. होस्टिंग ही भाड्याची जागा. आणि डिझाईन हे बांधकाम. आपण तिन्ही एकाच माणसाच्या हाती सोपवतो आणि वेबसाईट झाली म्हणून पेढे वाटतो.

ते नाव परत मिळवायचा प्रयत्न आम्ही केला. नव्या मालकाने जी किंमत सांगितली, तेवढ्यात नवरात्राचा निम्मा माल आला असता. तक्रार करण्याची सोय असते, पण त्यासाठी नावावरचा हक्क शाबीत करावा लागतो, आणि आमचा ट्रेडमार्क तर नोंदवलेलाच नव्हता. अखेर ते नाव सोडून दिले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडून तीतले जुने खण उन्हात घालत बसल्या. मला ते बघवेना.

दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पिते. नवी वेबसाईट करायची ठरली तेव्हा अक्कांनी जाहीर केले, "या वेळी मीच बोलणार." कन्नडात म्हण आहे ना, 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल'. जेवायचे ज्याला कळते त्याला रोग नाही, बोलायचे ज्याला कळते त्याला भांडण नाही. आधी नीट बोलून घेतले असते तर ही वेळ आलीच नसती.

तिघांना बोलावले. पहिल्याने बसल्या बसल्या आकडा सांगितला. दुसऱ्याने फिरणारी चित्रे, उडणारी अक्षरे आणि गाणेसुद्धा दाखवले. तिसरी टिळकवाडीची एक मुलगी, घरूनच काम करणारी. तिने किंमत सांगण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारले. गिऱ्हाईक कुठून येते? महिन्याला किती साड्या जातात? नवे फोटो कोण काढणार? ऑर्डर आली तर पार्सल कोण करणार? आणि शेवटी म्हणाली, "काकू, तुम्हाला वेबसाईट खरंच हवी आहे का? नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या कॅटलॉगवर भागत असेल तर उगीच खर्च करू नका." अक्कांनी माझ्याकडे बघितले. काम तिलाच द्यायचे हे तिथेच ठरले.

तिनेच आम्हाला सांगितले की गूगलने छोट्या दुकानांना दिलेली फुकट एकपानी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद होणार आहेत. झालीही तशीच. फुकट जागेत राहिले की मालक सांगेल तेव्हा उठावे लागते. म्हणून थोडकेच असावे, पण आपले असावे. 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु', अंथरूण पाहून पाय पसरा. दोन्ही भाषांत म्हण एकच आहे. आम्ही चार पानांचीच वेबसाईट करायची ठरवली.

माझा भाऊ वकिली करतो. त्याने एका पानाचा कागद करून दिला. त्याच्याकडून एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाचा. पण बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले आणि वेगळे काही ठरवले नाही, तर हक्क सामान्यतः करणाऱ्याचाच राहतो. पैसे पूर्ण दिले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. हक्क लिहून, सही करून घ्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षांचा धरला जातो. म्हणून कागदावर हक्क कायमचा असल्याचे लिहिले. त्या मुलीने हसत सही केली. म्हणाली, "सगळ्यांनी असं आधीच लिहून घेतलं तर माझंही डोकं शांत राहील."

कागदावर आणखी चार गोष्टी होत्या. नावाची नोंदणी आमच्या नावाने, आमच्या ई-मेल आणि मोबाईलवर. होस्टिंगचे पासवर्ड आमच्या हाती. पैसे तीन हप्त्यांत : इसार, अर्धे काम झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता सगळ्या किल्ल्या मिळाल्यावर. आणि पुढे किंमत बदलायची किंवा फोटो घालायचा झाला तर कोण करणार आणि त्याचे काय घेणार.

आता खरी गंमत ऐका. घरात वाद पेटला तो भाषेवरून! पुतण्या म्हणाला, फक्त इंग्रजी ठेवू. आमचे हे म्हणाले, मराठी आधी, पुण्या-कोल्हापूरचे गिऱ्हाईक आहे. अक्का गप्प होत्या. भांडी आवरता आवरता हळूच म्हणाल्या, "साड्या माझ्या माहेरच्या. माझ्या माहेरच्यांना वाचता येऊ नये होय?"

सगळे गप्प झाले. तीस वर्षे अक्का या घरात मराठी बोलतात. आम्ही त्यांच्याशी कन्नड किती बोललो, हे मी मनातच मोजले. लाज वाटली.

वाट काढली ती टिळकवाडीच्या मुलीने. ती म्हणाली, "तीनही भाषा ठेवू. पण एकीचं भाषांतर दुसरीत करू नका. काकू, तुम्ही मराठीत सांगा, अक्का कन्नडात सांगतील. मी लिहून घेते." मग दोन दुपारी आम्ही सांगत बसलो. मी म्हणते इरकल, अक्का म्हणतात इळकल. मी सांगितले ओटी भरण्याबद्दल, त्यांनी उडी तुंबण्याबद्दल. मी डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचे बोलले, तर त्यांनी त्याच कार्यक्रमाला तिकडे 'कुबस' म्हणतात ते सांगितले. पदर अंगाला विणकर कसा जोडतो, ते 'टोपी तेनी' मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. पदराचा आणि अंगाचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्ही मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवतात, हे त्यांनी आपल्या दोन हातांची बोटे अडकवून दाखवले.

यात नुसता कौतुकाचा भाग नाही, धंद्याचाही आहे. पुण्याची बाई 'इरकल' लिहून शोधते, हुबळीची 'इळकल'. कुणी बेळगाव लिहितो, तर कुणी १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेले बेळगावी. पानावर दोन्ही शब्द असले तर दोघींना दुकान सापडते. जुन्या वेबसाईटवर सगळा मजकूर चित्रात होता. छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर वेबवर टाकला की त्याचे अगम्य चिन्हांत रूपांतर व्हायचे, म्हणून त्या मुलाने जाहिरातीचे फोटोच चिकटवले होते. चित्रातले शब्द शोधात नीट सापडत नाहीत आणि मोबाईलवर वाचताही येत नाहीत. या वेळी मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये टाइप करून घेतले. तुम्ही वेबसाईट करून घेत असाल तर एक सोपी परीक्षा सांगते. पानावरचा एक शब्द बोटाने दाबून निवडता येतो का बघा. येत नसेल तर ते चित्र आहे असे समजा. आणि घरातल्या सगळ्यांत स्वस्त मोबाईलवर उघडून बघा, डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर नव्हे.

राहता राहिले नाव. जुन्या नावाला शेवटी 'खण' जोडून नवे नाव मिळाले. नोंदणीच्या दिवशी पुतण्याने विचारले, मालक म्हणून कुणाचे नाव घालू? दुकानाची कागदपत्रे आजवर पुरुषांच्याच नावावर. दिरांनी आपले नाव सांगायला तोंड उघडले, एवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "सुनांचं घाल रे."

पुतण्या म्हणाला, "आज्जी, एकाचंच जातंय."

"मग थोरलीचं घाल. माल तिच्या माहेरचा हाय. आणि निरोप धाकटीकडं येऊ देत. ती विसरत न्हाई." माझ्याबद्दलचा हा गैरसमज दूर करायचे धाडस मला झाले नाही.

२०२४ च्या पाडव्याला, म्हणजे अक्कांच्या युगादीला, वेबसाईट सुरू झाली. गिऱ्हाईकांची रांग लागली असे काही झाले नाही. पहिल्या महिन्यात चार ऑर्डरी आल्या, त्यातली एक त्याच पुण्याच्या बाईंची. एक मात्र हुबळीची, कन्नड पान वाचून आलेली. अक्कांनी त्या पार्सलात आपल्या हाताने हळदी-कुंकवाची पुडी घातली.

पासवर्डची वही आता सासूबाईंच्या ट्रंकेत, खणांच्या खाली असते. दर वर्षी नवे कालनिर्णय भिंतीवर लागले की मी पहिले काम करते. दुधाच्या हिशोबाचे पान यायच्या आधी, नूतनीकरणाच्या महिन्याच्या एक महिना अगोदरच्या तारखेला लाल गोल काढते आणि खाली लिहिते, 'उतारा'.