लग्नघरचा अंबाडा

आडी महिना सरून आवणी लागली की आपल्या तंजावुरातली मंगल कार्यालयं पुन्हा गजबजतात. पत्रिका हातात पडली की आधी साडी ठरते, मग ब्लाऊज, मग दागिने. केसांची आठवण होते ती थेट मुहूर्ताच्या दिवशी पहाटे चार वाजता, आरशासमोर, तोंडात पिना धरून! म्हणून या वेळी फक्त अंबाड्याबद्दल बोलू या. सकाळी घातलेला अंबाडा रात्री वरात संपेपर्यंत टिकला पाहिजे, आणि डोकं दुखता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकदम साधतात, फक्त थोडी समज लागते.

समज हवी असेल तर राजवाड्यातल्या कलादालनात एक चक्कर मारा. तिरुवेंकाडूहून आणलेली वृषवाहन शिवाची कांस्यमूर्ती तिथे आहे, 1011 सालची. बैलावर हात टेकून उभा असलेला शिव, आणि बैल मात्र हरवलेला. सगळे जण त्या हाताकडे बघतात, तुम्ही डोक्याकडे बघा. जटा पागोट्यासारख्या डोक्याभोवती गुंडाळल्या आहेत आणि त्यात नाग गुंफलाय. माझ्या मते गावातली सर्वांत देखणी केशरचना हीच, आणि ती एका पुरुषाची आहे! यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की केसांचा भार एका जागी लोंबत नाही, तो डोक्यावर सगळीकडे वाटला गेलाय. आपला अंबाडा सैल पडतो किंवा डोकं ठणकवतो, तो बहुतेक वेळा हे न केल्यामुळे.

आता प्रत्यक्ष बांधणी. केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी न्हालेले केस रेशमासारखे सुळसुळतात आणि पिना धरत नाहीत. डोक्याच्या मागे बोटांनी चाचपा, मानेच्या वर हाडाचा एक उंचवटा लागतो. अंबाड्याची बैठक त्या उंचवट्यावर असू द्या. त्याखाली बांधलात तर खाली घसरतो, फार वर बांधलात तर कपाळाजवळचे केस ओढले जातात. तिथे आधी साधं पोनीटेल बांधा, पण रबर बँड नको, कापडी बंद घ्या. त्या शेपटाचे दोन भाग करा, दोन्हींना एकाच दिशेला पीळ द्या आणि मग उलट दिशेने एकमेकांभोवती गुंडाळा. असा पीळ आपोआप सुटत नाही. तो दोर बंदाभोवती गोल फिरवून टोक आत खोचा.

पिनांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण अर्ध्या बायका आयुष्यभर काळ्या पिना उलट्या लावतात. पिनेची नागमोडी बाजू डोक्याच्या कातडीकडे हवी, सरळ बाजू वर. नागमोडीलाच पकड असते. यू-पिन लावताना आधी अंबाड्याच्या कडेचे थोडे केस उचला, पिनेचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवून डोक्याला टेकवा, मग पिन उलटी करून अंबाड्याच्या आत सरकवा. ती अडकली की जाणवतं. अशा पाच-सहा पिना पुरतात. वीस पिना लावाव्या लागत असतील तर पिनांमध्ये दोष नाही, बैठक चुकली आहे.

सगळं झालं की मान जोरात हलवून बघा. खाली वाकून नमस्कार करा, कारण लग्नात तोच सर्वांत जास्त वेळा करायचा असतो. कुठे टोचलं, भुवया ताणल्यासारख्या वाटल्या, तर तसंच बसू नका, सोडून पुन्हा बांधा. नवरीच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. तिला तासन् तास होमाच्या धगीजवळ बसायचं असतं, वर दागिन्यांचं ओझं. ‘एक दिवस सोसायचं’ असं म्हणणाऱ्या मोठ्या बायका आपल्याकडे पुष्कळ. पण केस वारंवार घट्ट ओढले गेले की कानशिलाजवळचे आधी विरळ होतात, आणि मुळं दुखावली तर तिथे पुन्हा उगवतही नाहीत. नाच शिकणाऱ्या मुलींच्या आयांनी तर हे लक्षात ठेवावंच. रोजच्या तालमीला सैल वेणी चालते.

केस कमी असतील तर संकोच नको. आपण ज्याला गंगावन म्हणतो ते इथल्या बाजारात ‘सवुरी’ म्हणून मागा. केसांच्या रंगाशी दुकानाबाहेर, उन्हात नेऊन जुळवा; दुकानातल्या दिव्यात सगळेच काळे दिसतात. हलकं घ्या. जाळीचा डोनट त्याहून हलका, आणि जुन्या काळ्या मोज्याची पुढची बाजू कापून गुंडाळली तर फुकटचा.

दागिन्यांत आपली घरं दोन्हीकडून श्रीमंत. मराठीत राखडी, मूद, केवडा, चंद्र-सूर्य. तमिळमध्ये राक्कोडी, सूर्यन-चंद्रन. व्यंकोजीराजांच्या काळापासून शेजारी राहिलेल्या घरांमध्ये कोणी कुणाकडून काय घेतलं याचा हिशोब कशाला मांडायचा? लावताना एवढंच बघा की सूर्य उजवीकडे आणि चंद्र डावीकडे, आणि राक्कोडी अंबाड्याच्या वर, केसांत घट्ट. नुसत्या अंबाड्यात खोचलीत तर तिच्या वजनाने सगळं मागे कलतं. मुंडावळ्या बांधायच्या असतील तर त्यांची गाठ अंबाड्याच्या वरून जाईल एवढी जागा आधीच सोडा. अय्यंगार मैत्रिणीच्या लग्नात आंडाळ कोंडै पाहिली असेल, एका बाजूला कललेला तो अंबाडा. नऊवारीवर तोही छान शोभतो, पण एका बाजूला भार येतो म्हणून आत सवुरीचं वजन घालू नका.

फुलं आदल्या संध्याकाळी कळ्या असतानाच घ्या. फूलवाली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापून ‘मुळम’ देते. मध्यम अंबाड्याला दोन मुळम पुरतात. केळीच्या सोपाच्या धाग्यात गुंफलेली घ्या, तो केसांना कापत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पहाटे माळा, म्हणजे मुहूर्ताला उमलतील. नुसत्या मोगऱ्यापेक्षा मला आपलं तंजावूर कदंबम आवडतं. अबोली, मल्ली, मरवा, दवणा असं सगळं एकत्र गुंफलेलं. मोगरा दुपारपर्यंत पिवळा पडतो, दवणा सुकला तरी वास सोडत नाही.

एका वाचक भगिनीने विचारलंय की लग्नघरी सगळ्यांना गजरे वाटताना थोरल्या आत्याबाईंपाशी आल्यावर हात थांबतो, तेव्हा काय करायचं. नवरा गेल्यापासून त्यांनी फूल माळलेलं नाही. भाचीचं लग्न त्यांनीच उभं केलंय.

आपल्याकडे मराठी काय आणि तमिळ काय, या बाबतीत दोघंही सारखेच कठोर. फुलं तर लहानपणापासून माळलेली असतात, लग्नाआधीही असतातच, मग ती नवऱ्याबरोबर जावीत कशी, हे मला कधी पटलेलं नाही. पण हा माझा विचार झाला, आत्याबाईंच्या डोक्यावर तो लादता येत नाही. भर मांडवात सगळ्यांसमोर ताटली पुढे करू नका. घेतलं तरी नजरा, नाही घेतलं तरी नजरा. आदल्या रात्री, खोलीत दोघीच असताना विचारा, ‘आत्या, उद्या तुमचा अंबाडा मी घालू?’ एवढंच. केस विंचरताना बोलणं आपोआप निघतं. मग फुलांचं विचारा. ‘नको गं’ म्हणाल्या तर पुन्हा म्हणू नका, अंबाडा मात्र नीट, सुबक बांधा. गप्प राहिल्या तर मोठा गजरा नको. कदंबममधली दवण्याची आणि मरव्याची दोनच बोटं हिरवी जुडी घ्या आणि अंबाड्याच्या खालच्या अंगाला, मानेकडून, आतल्या बाजूने यू-पिनेने अडकवा. पदर आला की कुणाला दिसत नाही. वास मात्र त्यांना दिवसभर येईल.