‘आणि’ म्हटलं की गोंधळ

‘आठवी आणि नववीच्या मुलांनी उभं राहायचं,’ म्हटलं की दोन्ही वर्ग उभे राहतात. तेच मूल पायथॉनमध्ये ‘इयत्ता == 8 अँड इयत्ता == 9’ अशी अट लिहितं आणि यादी येते रिकामी! एररसुद्धा नाही. (एक = किंमत ठेवायला, दोन == तुलनेला; ते सरावाने बसतं.) इथे मूल बोलतो तसंच लिहितंय हो. संगणक मात्र एकेकाला विचारतो, तू आठवीतही आहेस आणि नववीतही? म्हणजे हवं होतं ‘ऑर’. माझं मत विचाराल तर ट्रुथ टेबल पाठ करून घेण्याआधी वर्गात मुलांनाच उभं करून बघा. आणि पालकहो, वहीत फुली दिसली तर रागवू नका, ती अट एका मुलाचं नाव घेऊन वाचायला सांगा.