कमरेची सुरी
शेतात घडीचा चाकू बाळगू नका, हे माझं स्पष्ट मत. गेल्या पावसाळ्यात कालवडीच्या गळ्याला दावं आवळलं. खिशातला चाकू चिखल अन् केळीचा चीक बसून असा घट्ट झालेला की उघडेचना. पोरानं पळत जाऊन विळा आणला म्हणून जनावर वाचलं.

तेव्हापासून बिनघडीची सुरी. लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची करून घेतली. पातं ३ इंच, टोक बोथट. लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं पाहिजे, नाहीतर जोर लावला की मूठ हातात अन् पातं गोणीत! ठिबकची नळी, सुतळी, दावं, सगळं कापते. गंजते मात्र. रोज पुसून तेलाचा हात फिरवायचा. मूठ लाल रंगवा, गवतात सापडते.

काहीजण म्हणतात, मोठी घ्या. कशाला? शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती येतात. शेतीची अवजारं वगळलीत, खरंय. पण बाजारात नियम कोण वाचत बसतंय? कोयता गँगच्या बातम्या आल्यापासून लोक नुसता कोयता बघून बिचकतात. माझी सुरी परवा एसटीत शेजारच्या मावशींनी पेरू कापायला मागून घेतली.