शिफारशीमागची पाने

दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो, आणि खरीप मेळावाही. विद्यापीठाच्या बियाण्याची पिशवी मिळावी म्हणून बोरी, झरी, जिंतूरकडची माणसे सकाळीच रांग धरतात. पिशवी हाती आली की त्यातले बरेच जण पुस्तकांच्या टेबलाकडे वळतात. तिथे ‘शेतीभाती’ मासिक असते, पिकांच्या पुस्तिका असतात. आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय त्याच टेबलाभोवतीचा आहे.

विद्यापीठाची कृषी दैनंदिनी आमच्या भागात कशी वापरली जाते ते पाहा. छापील मजकुरात दोन ओळींतले अंतर, एकरी बियाणे, खताची मात्रा. उरलेल्या कोऱ्या जागेत बॉलपेनाने मृगाच्या पावसाची तारीख, दुबार पेरणीचा खर्च, फवारणीची मजुरी. एका दैनंदिनीत खताच्या छापील मात्रेशेजारी शेरा होता: ‘मुरमाड रानात पुरत नाही.’ असा शेरा मारणाऱ्याला नुसती शिफारस कशी पुरेल? प्रयोग कोणत्या जमिनीवर झाला, किती हंगाम चालला, पावसाचा खंड किती पडला आणि वाण कुठे मार खाऊन गेला, हे त्याला हवे आहे. विद्यापीठात हे सारे नोंदलेले असते. पण प्रबंधांत आणि संशोधनपत्रिकांत, आणि बहुतांशी इंग्रजीत.

१९७२ साली, दुष्काळाच्या झळा लागत असतानाच, हे विद्यापीठ उभे राहिले. परभणी मोती ज्वारी इथली. बीडीएन ७११ ही लवकर हाती येणारी तूर त्याच्याच बदनापूर केंद्राची. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर केलेल्या कामातून २०१८ मध्ये परभणी शक्ती आली. या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त. दाण्यातले लोह मोजतात कसे, पैदाशीच्या शेकडो ओळींतून एक निवडायची कशी, भाकरीची चव बिघडणार नाही हे कसे पाहायचे, यावर चांगला तीन-चारशे पानांचा मराठी ग्रंथ व्हावा, इतका हा विषय भरलेला आहे. आम्ही तो विकत घेऊ आणि वाचू.

एवढे शास्त्र मराठीला पेलेल का, अशी शंका काढणाऱ्यांनी आपल्याच मुलखाचा इतिहास आठवावा. परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि त्याआधीच, १९१७ मध्ये, भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. विज्ञान, वैद्यक, इतिहास यांची पुस्तके तिथे उर्दूत तयार झाली. राज्यातल्या मराठी मुलांना मात्र ते ज्ञान परक्या भाषेतूनच घ्यावे लागले, ही खंत आहेच. पण विद्यापीठाने मनावर घेतले तर काय होते तेही तिथे दिसले. पुढे नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या विषयांवर मराठी ग्रंथ काढले. ते आता जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत भेटतात.

खरी अडचण हिशेबाची आहे. प्राध्यापकाच्या बढतीत मानांकित पत्रिकेतला निबंध मोजला जातो. मराठी ग्रंथासाठी दोन वर्षे खर्ची घालणाऱ्याच्या पदरात फारसे पडत नाही. हा हिशेब बदलायला हवा, आणि तो विद्यापीठांना व शासनाला बदलता येतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. त्या आनंदातून कृषी विद्यापीठांच्या मराठी ग्रंथमालेसाठी पैसा निघाला, तर तो आनंद बांधापर्यंत पोचेल.

या अंकात शेतकऱ्यांच्या दैनंदिन्यांतल्या निवडक नोंदी तारखांसह छापल्या आहेत, आणि त्यांतल्या शंकांना कृषी अभ्यासकांनी सविस्तर उत्तरे दिली आहेत. पुढच्या दिवाळीसाठी या अभ्यासकांकडे आतापासूनच मागणे आहे: एखादा फसलेला प्रयोगही आकड्यांसकट लिहून पाठवा.